पाचशे वर्षं जुनं घर, वरची खोली आणि काकूंचा गुडघा : लॅव्हनममधल्या एका बी अँड बीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका मित्राच्या घरातलं आहे. त्यांना विचारूनच लिहितोय, नावं देत नाही आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्यात. लिहायचं कारण एवढंच की इकडे इंग्लंडमध्ये राहणारे आपले बरेच जण आईवडील आले की त्यांना 'काहीतरी वेगळं' दाखवायचं म्हणून असलं एखादं जुनं घर बुक करतात, आणि मग तिथे नक्की काय होतं ते कोणी सांगत नाही, फोटो तेवढे टाकतात.

मित्र आणि त्याची बायको लंडनच्या बाहेर राहतात. आईवडील पुण्याचे, सत्तरीला टेकलेले. काका पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले सिव्हिल इंजिनिअर, जुनं बांधकाम दिसलं की हात लावून, ठोकून बघणार आणि मग अर्धा तास बोलणार. काकू शाळेत शिकवायच्या. दीड वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. रोज चालायला जातात, सपाटीवर काही प्रॉब्लेम नाही.

ऑक्टोबरच्या शेवटाकडे शुक्रवार-शनिवार दोन रात्री लॅव्हनमला काढायच्या ठरल्या. लॅव्हनम म्हणजे पूर्व इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातलं, लोकरीच्या धंद्यावर मोठं झालेलं गाव, इथलं निळं कापड बाहेर देशात जायचं, आणि १५२४ च्या सुमाराच्या कर-नोंदीत हे एवढंसं गाव इंग्लंडच्या श्रीमंत गावांत चौदावं होतं. मग धंदा बसला, लोकांकडे जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसे उरले नाहीत, म्हणून ती घरं तशीच राहिली. आज तिथे जाऊन आपण जे बघतो ते त्या गरिबीमुळे टिकलंय, हे काकांना फार आवडलं होतं. गावाला आता रेल्वे नाही, सडबरीपर्यंत गाडी आणि पुढे बस किंवा टॅक्सी, हे लोक कारनेच गेले.

घर पंधराव्या शतकातलं, ओकच्या लाकडाच्या सांगाड्याचं, ग्रेड टू स्टार लिस्टेड, म्हणजे सरकारी यादीतली जपायची जुनी वास्तू. मालकीणबाई त्याच घराच्या एका भागात राहतात आणि बाकीच्या खोल्या पाहुण्यांना देतात, झोपायला खोली आणि सकाळी नाश्ता, म्हणून बी अँड बी (बेड अँड ब्रेकफास्ट). मित्राने दोन खोल्या घेतल्या. एक अगदी वरची, छपराखालची, जिथे क्राऊन पोस्ट, म्हणजे छपराला आधार देणारा मधला लाकडी खांब, उघडा दिसतो आणि फोटोत बघूनच माणूस खूश होतो, ती आईबाबांना. दुसरी मागच्या बाजूला, नंतर कधीतरी व्हिक्टोरियन काळात जोडलेल्या भागातली, साधी, स्वस्त, ती स्वतःला. म्हणजे चांगली खोली आईबाबांना दिली, कोणत्याही मुलाने हेच केलं असतं.

बुकिंगच्या पानावर खाली एक ओळ होती की वरच्या खोलीचा जिना अरुंद, उभा आणि वळणाचा आहे, चालायला त्रास असणाऱ्यांना सोयीचा नाही. मित्राने ती वाचली होती, हे महत्त्वाचं आहे. वाचून तो म्हणाला, आई तर पर्वती चढायची. पर्वतीला शंभराच्या वर पायऱ्या आहेत आणि काकू खरंच चढायच्या, पण ऑपरेशनच्या आधी, गुडघा दुखायला लागण्याच्याही आधी. परदेशात राहणाऱ्या मुलाच्या डोक्यातली आई बऱ्याचदा दोन-चार वर्षं जुनी असते. आणि फोनवर विचारलं की काकू 'चालतंय रे' म्हणणार, त्या काय म्हणणार दुसरं.

अडचण

शुक्रवारी चारच्या सुमारास पोचले. चेक-इन चार ते सहाच होतं, अशा ठिकाणी रिसेप्शनला कोणी बसलेलं नसतं, घरमालकीण दार उघडते. तिने आनंदाने घर दाखवलं. काकू वर चढल्या, हळूहळू, पण चढल्या. सगळ्यांना वाटलं झालं.

वर गेल्यावर काकांचं वेगळंच सुरू झालं. छपराचे वासे काळेकुट्ट, त्यांना वाटलं कधीतरी आग लागून गेलीय. मालकीणबाईंनी सांगितलं की ती काजळी आहे, मूळ घरात मधला मोठा हॉल जमिनीपासून छपरापर्यंत मोकळा होता, चूल हॉलच्या मधोमध जमिनीवर, चिमणी नाही, धूर वासे काळे करत छपरातून निघून जायचा. चिमणी आणि मधली तक्तपोशी साधारण शंभर वर्षांनी, सोळाव्या शतकात घातली. काकांनी खिशातली अमृतांजनची बाटली जमिनीवर आडवी ठेवली, ती गडगडत थेट समोरच्या भिंतीला जाऊन आपटली, आणि ते लहान मुलासारखे हसले. ओक ओलाच कापून वापरायचे, तो वाळता वाळता पिळतो, आकसतो, त्यामुळे अख्खं घर वाकडं होतं पण खुंट्यांनी जोडलेले सांधे सुटत नाहीत. भिंती म्हणजे काठ्यांची विण आणि त्यावर माती, गवत, शेण. काका म्हणाले, हा तर आपला कोकणातला कुड झाला की. खरंच तसंच आहे, कारवीच्या जागी हेझल नावाच्या झाडाच्या काठ्या.

पण या सगळ्याचा आणि अडचणीचा थेट संबंध आहे. घराला मुळात वरचा मजलाच नव्हता, म्हणजे जिन्यासाठी जागा ठेवलेलीच नव्हती. नंतर चिमणी बांधली तेव्हा चिमणी आणि भिंत यांच्यामध्ये जी बोळकांडी उरली तिच्यात जिना कोंबला. पायऱ्या पिझ्झाच्या तुकड्यासारख्या, एका टोकाला रुंद, खांबापाशी निमुळत्या. धरायला खांबाच्या बाजूने एक जाड दोर. दोर धरला तर पाय निमुळत्या टोकावर पडतो, अर्धं पाऊल अधांतरी, आणि पाय रुंद बाजूला टाकला तर हाताला काही लागत नाही. फिजिओने काकूंना शिकवलेलं की चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, ते सरळ जिन्यावर ठीक आहे, इथे तो उजवा पाय टेकायला सपाट जागाच नाही. चढणं जमलं कारण चढताना माणूस समोरच्या पायरीवर हात टेकू शकतो. उतरणं ही वेगळीच गोष्ट.

वर बाथरूम पण खोलीत नव्हती. होती स्वतंत्रच, पण दाराबाहेर, लँडिंगवर, दोन पायऱ्या खाली. आणि काकूंना रात्री दोनदा तरी उठावं लागतं.

काकूंनी यातलं काही म्हणजे काही सांगितलं नाही. साडेसहाला जेवायला पबमध्ये जायचं होतं, त्या म्हणाल्या मला भूक नाही, तुम्ही या जाऊन, मी पडते जरा. काका म्हणाले दमली असेल. हे तिघे जेवून आले, काकूंसाठी चीज सँडविच बांधून आणलं. पावणेदहाला सून वर गेली, सँडविच अर्धं खाल्लेलं, आणि पाण्याचा ग्लास आणि चहाचा कप दोन्ही भरलेले, तसेच.

"आई, पाणी नाही प्यायलात?"

"अगं, तहानच नाही."

सूनबाई हुशार, तिथेच तिच्या लक्षात आलं. पाणी प्यायलं तर उठावं लागेल. भूक नाही म्हणजे खाली उतरता येत नाही. ती खाली येऊन नवऱ्याला म्हणाली की आई वर अडकल्यात, आणि मग सव्वादहाला मला फोन, कारण मी मागे एकदा अशाच एका घरात राहून आलोय.

समोर काय काय पर्याय होते

फोनवर मित्र चिडलेला होता, स्वतःवर जास्त. त्याचं पहिलं म्हणणं, आत्ताच्या आत्ता निघतो, जवळच्या बेरी सेंट एडमंड्स गावात कुठलंतरी लिफ्टवालं हॉटेल बघतो. करता आलं असतं. पण रात्री साडेदहाला, म्हातारी माणसं, सामान, अंधारे गावातले रस्ते, आणि तिथे जायचं तरी आधी काकूंना तो जिना उतरायलाच हवा होता. म्हणजे ज्याची भीती तेच आधी. शिवाय दोन्ही रात्रींचे पैसे गेले असते. इकडे ऑनलाइन खरेदीला चौदा दिवसांत रद्द करायची जी मुभा असते ती ठरलेल्या तारखेच्या मुक्कामाला लागू नाही, २०१३ च्या नियमांतच तसा अपवाद आहे, तिथे घरमालकाच्या अटी चालतात, आणि अटीत रिफंड नव्हता.

दुसरा पर्याय, आजची रात्र वरच काढायची. बादली-भांडं काहीतरी सोय करायची, उजेडात उतरवायचं. सून म्हणाली, अजिबात नाही. तिचं बरोबर होतं. रात्रभर पाणी न पिता पडून राहायचं आणि पहाटे अंधारात त्या दोन पायऱ्या, पडण्याची पूर्ण तयारीच ती.

तिसरा, खालच्या बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपवायचं. हे मलाही पटलं होतं. पण मालकीणबाईंनी नंतर नाही सांगितलं, आणि कारण सांगितलं. इथे लहानशा बी अँड बीलाही फायर रिस्क असेसमेंट, म्हणजे आगीच्या धोक्याची तपासणी, करावी लागते, २००५ चा तसा नियम आहे, आणि ती खोली झोपायची म्हणून त्यात नाही. लाकडाचं घर, बाहेर पडायची वाट त्याच खोलीतून. तिचं 'नाही' उद्धटपणाचं नव्हतं.

चौथा पर्याय सगळ्यांच्या डोळ्यासमोर होता आणि कोणीच बोलत नव्हतं. मागच्या भागातली मुलाची खोली. पहिल्या मजल्यावर, पण सरळ जिना, दोन्ही बाजूंना कठडा, बाथरूम खोलीत. मी विचारलं, अरे तुमची खोली कशी आहे? तर तो दोन सेकंद गप्प, मग म्हणाला, "ती अगदीच साधी आहे रे, त्यांना त्यात कसं ठेवू." इतका वेळ गेला तो याच्यापायी. मुलाला वाटतंय चांगली खोली काढून घेतली असं होईल, काकूंना वाटतंय यांनी एवढी हौसेने केलेली खोली, काकांना तर ते वासे सोडवत नाहीत. प्रत्येक जण दुसऱ्याचं मन सांभाळतोय आणि जी बाई वर बसलीय तिला टॉयलेटला जायचंय.

मित्राने तेवढ्यात एक कायद्याचा मुद्दाही काढला, की २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट, म्हणजे समानतेचा कायदा, आहे ना, मालकीणबाईंनी चालायला त्रास असणाऱ्यांची सोय करायला नको का. सोय करायची असतेच, पण 'वाजवी' तेवढी, आणि लिस्टेड घरात साधा कठडा ठोकायचा तरी परवानगी घ्यावी लागू शकते, १९९० च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय घराचं रूप बदलणारं काम करणं हा गुन्हा आहे. आणि मुख्य म्हणजे तिला कोणी सांगितलंच नव्हतं की ऑपरेशन झालंय. सांगितल्याशिवाय ती काय करणार होती.

काय केलं

मालकीणबाई नऊनंतर आपल्या भागात जातात, पण अडचणीसाठी फोन नंबर दाराजवळ लावलेला होता. आधी मित्र नको म्हणत होता, एवढ्या रात्री कशाला उठवायचं. सुनेने लावला. बाई गाउनवर दोन मिनिटांत आल्या, पहिलं वाक्य 'चार वाजता सांगितलं असतंत तर' असं काहीतरी, आणि मग पटापट कामाला लागल्या. जिन्याचे सगळे दिवे लावले, धुतलेल्या चादरी काढून दिल्या, सोफ्याचं नाही म्हणाल्या ते याच वेळी.

मग उतरवायचं काम. काकांनी इथे इंजिनिअरिंग काढलं आणि खरंच उपयोगी पडलं. ते म्हणाले, तोंड खाली करून उतरायचंच नाही, शिडी उतरतात तसं उलटं, तोंड पायऱ्यांकडे. दोन्ही हात वरच्या पायरीवर, पाय रुंद बाजूला. मुलगा खाली, एक एक पाय हाताने धरून पायरीवर टेकवायला. सून वर, मोबाईलचा टॉर्च घेऊन. साडी बदलून सलवार-कमीज घातली, सपाता काढल्या, मोजे पण काढले कारण ते लाकूड पॉलिश केल्यासारखं गुळगुळीत आहे. सामान काहीही बरोबर नाही, चष्म्याची डबीसुद्धा नाही.

"अहो, मोजू नका हो मोठ्याने," एवढंच काकू मधेच म्हणाल्या, कारण काका पायऱ्या मोजत होते.

वीस मिनिटं लागली असतील. खाली आल्यावर काकू आधी टॉयलेटला गेल्या, मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून दोन ग्लास पाणी प्यायल्या.

खोल्यांचं शेवटी असं ठरलं की काकू आणि सून मागच्या खोलीत, काका आणि मुलगा वर. काकूंनीच ठरवलं, "यांना राहू दे तिथे, नाहीतर पुण्याला जाईपर्यंत ऐकवतील." नवऱ्याला सोबत म्हणून मुलगा, कारण रात्री त्या दोन पायऱ्या काकांनाही नीट दिसल्या नसत्या. मालकीणबाईंनी प्लगमध्ये लावायचा छोटा नाइट लॅम्प दिला, तो लँडिंगवर लावला. त्यांच्याकडे असे लॅम्प ड्रॉवरभर होते, फक्त कोणी मागत नाही.

काय झालं

दोन्ही रात्री तिथेच काढल्या. काकूंचा गुडघा दुसऱ्या दिवशी थोडा सुजला होता, बर्फ लावला, दुपारी आराम केला. त्यामुळे चर्चचा मनोरा बघायचा राहिला, गिल्डहॉल मात्र बघितला, १५३० च्या आसपासची, गावातल्या संघाच्या बैठकांसाठी बांधलेली इमारत, पुढे तिथे तुरुंगही होता आणि गरिबांना कामाला लावायचं वर्कहाऊसही, आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. तो चौकातच असल्यामुळे जमला.

ब्रेकफास्ट छान झाला, व्हेजसाठी मशरूम, टोमॅटो, बीन्स, बटाट्याचे हॅश ब्राऊन. काकूंनी संध्याकाळच्या दिव्यासाठी निरांजन आणलं होतं पण उघड्या ज्योतीला सक्त मनाई, उदबत्तीलाही, लाकडाच्या घरात ते बरोबरच आहे. तो नाइट लॅम्पच देवापुढे, असं त्यांनी केलं.

काकांना झोप अशी लागलीच नाही म्हणे. घर रात्रभर कुरकुरतं, थंड पडलं की लाकूड आवाज करतं, प्रत्येक आवाजाला ते मुलाला उठवून कुठला सांधा असेल ते सांगत होते. खिडक्या एकेरी काचेच्या, गार वारा आत, मालकीणबाईंनी गरम पाण्याच्या पिशव्या दिलेल्या. मित्र सांगत होता की बाबांशी सलग इतका वेळ तो कॉलेजनंतर पहिल्यांदाच बोलला, बराचसा वेळ खुंट्या आणि सुतारांनी सांध्यांवर कोरलेल्या खुणांबद्दल.

पैसे परत मागितले नाहीत, मिळालेही नसते. खोली बदलायचे वेगळे पैसे बाईंनी घेतले नाहीत. मित्राने रिव्ह्यूमध्ये जिन्याचा आणि मागच्या खोलीचा फरक स्पष्ट लिहिलाय, स्टार पूर्ण दिले, माझ्या मते बरोबर दिले.

कुठे वेगळं करता आलं असतं

बुकिंगच्या वेळी ती ओळ वाचल्यावर एक फोन करायला हवा होता, आणि 'जिना अवघड आहे का' असं विचारून उपयोग नसतो, रोज चढणाऱ्या माणसाला तो अवघड वाटतच नाही. विचारायचं ते असं की जिना सरळ आहे का वळणाचा, कठडा कुठल्या बाजूला, खोलीतून टॉयलेटला जाताना किती पायऱ्या, दाराची उंची किती, आणि घरात सगळ्यात सोपी खोली कुठली. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. अशा घरांना मागे नंतरच्या काळात जोडलेला भाग बऱ्याचदा असतो, फोटोत तो फिका दिसतो म्हणून कोणी घेत नाही. जिन्याचा व्हिडिओ मागितला तर लोक पाठवतात, वरून खाली शूट केलेला मागायचा.

दुसरी संधी चार वाजता होती. मालकीणबाई स्वतः घर दाखवत होत्या, तेव्हा 'आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय' एवढं वाक्य पुरलं असतं. पण आपल्याकडे पाहुणा म्हणून गेलं की पहिल्याच मिनिटाला तक्रार केल्यासारखं वाटतं, आणि हे घर कोणाचंतरी राहतं घर असल्यामुळे तर जास्तच. तिथे दोन्हीकडून थोडं अडलं, कारण बाईंनीही विचारलं नाही. काकू चढताना त्या पुढे होत्या, मागे वळून बघितलं असतं तर त्यांनाही दिसलं असतं.

तिसरं, काकूंना थेट विचारून उत्तर मिळणार नव्हतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. मग विचारण्यापेक्षा बघायचं. एकदा चढून, लगेच एकदा उतरून दाखवा, सामान वर न्यायच्या आधीच. पाच मिनिटांचं काम, आणि खोल्यांची अदलाबदल दिवसाउजेडी चहा पिता पिता झाली असती.

एका मुद्द्यावर माझं आणि मित्राचं अजून जुळत नाही. त्याचं म्हणणं, आईबाबांना अशा घरात न्यायलाच नको होतं, दिवसा लॅव्हनम बघून रात्री साध्या हॉटेलात झोपलं असतं की. मला ते पटत नाही. दिवसा बघितलं असतं तर गिल्डहॉल बघून, तिकीट काढून बाहेर आले असते. काकूंना विचारलं तर त्या म्हणतात मागची खोली मस्त होती, पुढच्या वेळी दोन्ही खोल्या मागच्याच घ्या. काका म्हणतात मग जायचंच कशाला.